काचेवरचं जुनं आकाश

१२ एप्रिल १९५०. कॅलिफोर्नियातल्या पॅलोमार पर्वतावरच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीत त्या रात्री चौदा इंची चौरस काच बसवली होती. काचेवर प्रकाशाला जागणाऱ्या रसायनाचा पातळ थर होता. पृथ्वीच्या फिरण्याशी गती जुळवून दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्यावर डोळा लावून बसली आणि पाऊण तासाच्या आसपास जे जे किरण आले ते त्या थरात मुरत गेले. काच धुऊन वाळवली तेव्हा तिच्यावर सहा अंश लांब, सहा अंश रुंद आभाळ उतरलं होतं. आकाश फिकट, तारे काळे. नॅशनल जिओग्राफिक सोसायटीच्या मदतीनं चाललेल्या त्या सर्वेक्षणात अशा काचा शेकड्यांनी निघाल्या. १९४९मध्ये सुरू झालेलं ते काम १९५८पर्यंत चाललं आणि त्याच्या प्रती जगभरच्या वेधशाळांत पोचल्या.

त्या एका काचेवर, पौर्णिमेच्या चंद्रबिंबात मावतील असे, नऊ ठिपके आहेत. ताऱ्यांसारखेच दिसणारे, कमी-अधिक तेजाचे. त्याच भागाच्या आधीच्या काचेवर ते नाहीत, नंतरच्या काचांवरही नाहीत. सत्तर वर्षं ते तिथेच होते. कुणाची नजर त्यांच्यावर ठरली नाही. मग स्वीडनमधल्या खगोलशास्त्रज्ञ बियाट्रिझ व्हिलारोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनं आकाश आणि आजचं आकाश शेजारी शेजारी ठेवलं आणि जे तेव्हा होतं, आता नाही, त्याचा माग काढायला घेतला. ‘व्हॅस्को’ हे त्या प्रकल्पाचं नाव. २०२१ साली या नऊ ठिपक्यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. ला पाल्मा बेटावरच्या १०.४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीनं त्या जागा पुन्हा निरखल्या होत्या, पण निश्चित बोट ठेवावं असं काही तिथे हाती लागलं नव्हतं.

निबंधात दोन शक्यता मांडल्या आहेत. पहिली, काचेवर कसली तरी अशुद्धी चढली असावी. आणि ती शक्यता पूर्णपणे बाद झाली तरच दुसरी: पृथ्वीपासून छत्तीस हजार किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या कसल्या तरी चकचकीत पृष्ठभागांवरून सूर्याचा उजेड अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ चमकला असावा. फिरणारी वस्तू सतत उजळ राहिली तर काचेवर तिची रेघ उमटते. क्षणभरच चमकली तर ठिपका उमटतो. आज आपले उपग्रह असे ठिपके सर्रास उमटवतात. पण स्पुटनिक उडाला तो ४ ऑक्टोबर १९५७ रोजी. १९५० साली तिथे माणसाची एकही वस्तू नव्हती.

ही दुसरी शक्यता वाचताना माझ्या अंगावर काटा आला, आणि ती लिहिणाऱ्यांनी पहिली शक्यता तिच्या आधी ठेवली याबद्दल मनात आदर दाटला. पृथ्वीच्या आसपास परक्या बुद्धीच्या खुणा शोधणं हा विषय दोन बाजूंनी नासवला गेला आहे. एकीकडे उडत्या तबकड्यांची दुकानदारी, दुसरीकडे प्रश्न कानावर पडताच येणारं तुच्छतेचं हसू. दोघांनाही उत्तराची घाई. या दोन्हींच्या मधून एक अरुंद वाट जाते. तिच्यावरून चालणारी माणसं थोडी आहेत. ती काचा पुसतात, कक्षा मोजतात, वर्णपट ताडून पाहतात. त्यांच्याविषयी मला फार दिवसांपासून लिहायचं होतं.

या शोधाचा मूळ प्रश्नही जुना आहे. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीनं लॉस अलामोसमध्ये जेवणाच्या टेबलावर ‘मग सगळे आहेत कुठे?’ असं विचारलं तेही १९५० सालच. आकाशगंगा अतिशय जुनी आहे. कुणाला प्रवास जमला असेल तर आतापर्यंत इथवर यायला त्यांना भरपूर अवधी मिळाला आहे. प्रश्न साधा, पण त्यानं शोधाची दिशा दूरवरून जवळ आणली. तरी त्यानंतर शास्त्रज्ञ आधी दूरच्या ताऱ्यांकडचंच ऐकायला बसले. १९५९मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी रेडिओ लहरींवर कान ठेवायला सुचवलं, १९६०मध्ये फ्रँक ड्रेकनं ग्रीन बँकची दुर्बीण टाउ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन ताऱ्यांकडे वळवली. त्याच वर्षी रोनाल्ड ब्रेसवेल या शास्त्रज्ञानं ‘नेचर’मध्ये वेगळा विचार मांडला. हजारो ताऱ्यांकडे युगानुयुगं संदेश पाठवत बसण्यापेक्षा प्रत्येक ताऱ्यापाशी एकेक यान धाडून ठेवणं एखाद्या प्रगत समाजाला सोयीचं वाटेल. ते यान तिथे वाट पाहील, ऐकेल, आणि कुणी बोलू लागलं की त्याचंच बोलणं त्याला परत ऐकवून आपली ओळख देईल. तसं असेल तर दूरच्या ताऱ्यांबरोबर आपलं अंगणही तपासायला हवं, असा त्याचा अर्थ.

हे खरोखर तपासणारे निघाले. रॉबर्ट फ्रीटास आणि फ्रान्सिस्को वाल्देस यांनी १९७९ ते १९८२ या काळात पृथ्वी आणि चंद्र यांच्या लाग्रांज बिंदूंभोवतीचं आकाश दुर्बिणीनं धुंडाळलं. या जागी पृथ्वीची ओढ, चंद्राची ओढ आणि फिरण्याची गती यांचा असा मेळ बसतो की एखादी वस्तू फारसं इंधन न जाळता दीर्घकाळ राहू शकते. वाट पाहत थांबायचं तर थांबावं अशीच जागा. त्यांना काही सापडलं नाही, आणि काही सापडलं नाही हे त्यांनी रीतसर छापलं. किती मंद वस्तू दिसली असती, कुठला भाग पाहिला, कुठला राहिला, हे सगळं त्यात आहे. ‘नाही’ म्हणणंही मोजून-मापून म्हणावं लागतं, ही या कामातली पहिली शिस्त.

आपण स्वतःही असं यान धाडलेलं आहे, आणि त्यात आपल्या घरचं माणूस आहे. ५ सप्टेंबर १९७७ला व्हॉयेजर-१ निघालं. त्यावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर पंचावन्न भाषांतली अभिवादनं आहेत, मराठीतलंही आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत घडलेला तो बुलंद, गोलाईदार आवाज. यान निघाल्यानंतर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबर १९७७ला, केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज मात्र सेकंदाला सुमारे सतरा किलोमीटर या वेगानं सूर्यापासून दूर जातो आहे. तबकडीच्या वेष्टणावर युरेनियमचा एक ठिपका लावलेला आहे. त्याची झीज मोजून, हे यान कधी निघालं होतं ते सापडणाऱ्याला काढता यावं म्हणून.

ही भैरवी मी जेव्हा जेव्हा ऐकतो तेव्हा एक गोष्ट मनात ठसते. व्हॉयेजरची वीज संपत आली आहे. लवकरच त्याचा रेडिओ गप्प होईल. सुमारे चाळीस हजार वर्षांनी ते ग्लीझ ४४५ नावाच्या ताऱ्यापासून दीडेक प्रकाशवर्षावरून जाईल तेव्हा त्यातून कसलाही आवाज येत नसेल. केसरबाईंचा स्वर तबकडीच्या चरांत कोरलेला असेल, पण सुई ठेवल्याशिवाय तो बोलणार नाही. तिथे कुणी फक्त रेडिओचे कान लावून बसलं असेल तर त्याला आपण कधीच कळणार नाही. एखाद्याची दुर्बीण त्या दिशेला असली, आणि यान त्याच्या सूर्याजवळून गेलं, तरच एखादा उजेडाचा ठिपका त्याला दिसेल. मग तेच आपल्याबाबतीतही खरं नाही का? कुणाचं काही इथे पोचलं असेल तर बहुधा पाठवणाऱ्यांच्या मागे दीर्घकाळ उरलेलं, वीज संपलेलं, मुकं असंच ते असणार. त्याला ऐकून भागणार नाही. पाहायलाच हवं.

पाहायचं म्हटलं की सगळ्यांत जवळची जागा चंद्र. तिथे वारा नाही, पाऊस नाही, गंज चढवणारी हवा नाही. लाखो वर्षांपूर्वी तिथे काही उतरलं असेल तर ते बरंचसं तसंच असेल. पॉल डेव्हिस आणि रॉबर्ट वॅगनर यांनी २०१३मध्ये हाच मुद्दा मांडला: चंद्राभोवती २००९पासून फिरणाऱ्या अमेरिकी यानानं अर्ध्या मीटरपर्यंतच्या बारकाव्याची अगणित छायाचित्रं पाठवली आहेत, ती सगळ्यांना खुली आहेत, तर मग त्यांतून अनैसर्गिक आकार का शोधू नयेत? आपल्या चांद्रयान-२चा कॅमेरा त्याहून तीक्ष्ण, पाव मीटरपर्यंतचं दाखवणारा. अपोलो-११ जिथे उतरलं ती जागा त्यानं टिपली आहे. म्हणजे चंद्रावर तंत्रज्ञानाच्या खुणा दिसतात, ओळखता येतात, हे सिद्ध आहे. फक्त त्या सगळ्या आपल्या आहेत.

दुसऱ्या जागेकडे जेम्स बेनफर्ड यांनी २०१९मध्ये बोट दाखवलं. काही लहान लघुग्रह पृथ्वीबरोबरच, जवळजवळ तिच्याच वाटेनं सूर्याभोवती फिरतात. लपून पाळत ठेवायला याहून बरी जागा कोणती? कामोओआलेवा हा त्यांतला एक. त्याच्यावरून येणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट चंद्रावरच्या खडकासारखा आहे, म्हणजे तो चंद्राचाच तुटलेला तुकडा असावा. चीननं मे २०२५मध्ये तिआनवेन-२ हे यान त्याच्याकडे रवाना केलं, तिथली माती आणायला. हेतू भूगर्भशास्त्राचा आहे. पण अशा प्रत्येक भेटीत एक न विचारलेला प्रश्नही आपोआप सुटतो.

आणि मग परक्या ताऱ्याकडून आलेला पहिला पाहुणा. १९ ऑक्टोबर २०१७ला हवाईतल्या हालेआकाला शिखरावरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या छायाचित्रांत रॉबर्ट वेरिक यांना एक धावता ठिपका दिसला. त्याची कक्षा सूर्याशी बांधलेली नव्हती. बाहेरून आला होता आणि बाहेर निघाला होता. नाव ठेवलं ओउमुआमुआ. गडगडत फिरताना त्याचं तेज दहापट कमी-जास्त होई. म्हणजे आकार विलक्षण लांबट किंवा चपटा. धूमकेतूसारखी शेपूट नाही, तरी जाताना सूर्याच्या ओढीनं व्हावा त्याहून किंचित वेगळा प्रवास. हार्वर्डच्या श्मुएल बियाली आणि अवी लोब यांनी लिहिलं की हे सूर्यप्रकाशाच्या रेट्यानं ढकललं जाणारं कृत्रिम, मिलिमीटरहूनही पातळ शीड असू शकेल. ग्रीन बँकच्या दुर्बिणीनं त्याच्याकडे कान लावला. काही ऐकू आलं नाही. २०२३मध्ये जेनिफर बर्गनर आणि डॅरिल सेलिगमन यांनी दाखवलं की बर्फात अडकलेला हायड्रोजन उन्हानं सुटू लागला तर शेपूट न दिसताही असा हलका धक्का बसू शकतो. मला हे स्पष्टीकरण पटतं. लोब यांनी मोठ्यानं प्रश्न विचारला नसता तर उत्तराच्या मागे इतके लोक इतक्या जिद्दीनं लागले असते का, हेही मनात येतं.

रात्री स्वयंपाकघरात भांडं पडलं की आधी मांजर पाहावं, चोर नंतर. पृथ्वीजवळच्या आकाशात हे मांजर बहुतेक वेळा आपलंच निघालं आहे. सप्टेंबर २००२मध्ये बिल युंग या हौशी निरीक्षकाला पृथ्वीभोवती फिरणारी एक नवी वस्तू दिसली. वर्णपट पाहिला तर त्यात पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम ऑक्साइड. ती वस्तू म्हणजे अपोलो-१२च्या अग्निबाणाचा १९६९मध्ये सुटलेला तिसरा टप्पा होता. २०२०मध्ये आणखी एक लघुग्रह पृथ्वीच्या ओढीत शिरताना दिसला. जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीच्या पॉल चोडास यांनी त्याची वाट उलटी मोजत नेली तर ती १९६६च्या सर्व्हेयर-२ मोहिमेपाशी पोचली. मग अॅरिझोना विद्यापीठाचे विष्णू रेड्डी आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच्या प्रकाशाची तुलना तशाच जातीच्या, अजून कक्षेत असलेल्या दुसऱ्या जुन्या अग्निबाणाशी केली. पोलादाची सही जुळली. जानेवारी २०२५मध्ये एका नव्या लघुग्रहाला क्रमांक देण्यात आला आणि दुसऱ्याच दिवशी तो काढून घ्यावा लागला. २०१८मध्ये अंतराळात सोडलेली एलॉन मस्क यांची टेस्ला मोटार होती ती.

ही उदाहरणं वाचून कुणाला वाटेल की शोध फसला. मला उलटं वाटतं. एखादी वस्तू खडक नसून कुणी बनवलेली आहे, हे लाखो किलोमीटरवरून नुसत्या उजेडावरून सांगता येतं, याचा हा रोकडा पुरावा आहे. कक्षा, वर्णपट, प्रकाशाच्या रेट्यानं होणारं विचलन: ही तीन साधनं आपल्या हाती आहेत, आणि आपल्याच टाकाऊ सामानावर त्यांची परीक्षा झाली आहे. उद्या अशी एखादी वस्तू आली की जी बनवलेली आहे, पण जिची वाट उलटी मोजत गेलं तरी ती पृथ्वीवरच्या कुठल्याच उड्डाणतळापाशी पोचत नाही, तर ती ओळखणारी माणसं तयार आहेत.

पुण्यात बसून हा विषय लिहिताना खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांची आठवण टाळता येत नाही. ‘वामन परत न आला’ या कादंबरीत त्यांनी जमिनीत गाडलेल्या एका पेटीतून बाहेर येणारं अतिप्राचीन, प्रगत तंत्रज्ञान कल्पिलं. आज अमेरिकेतले शास्त्रज्ञ सूर्यमालेत आपल्याआधीच्या कुणाच्या खुणा असतील का, यावर गंभीर निबंध लिहितात. मराठी वाचकाला तो विचार आधीच भेटला होता. पण त्यांचं खरं देणं कादंबरीत नाही. परकं काही आपल्या वातावरणात येतं आहे का, हे तपासायला ते स्वतः उतरले. इस्रोच्या साहाय्यानं २००१ आणि २००५ साली हैदराबादहून प्रचंड फुगे सोडले गेले. दुसऱ्या वेळी वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत भरून आणली. नमुने दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत तपासले: हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात. पूर्वी ठाऊक नसलेल्या जिवाणूंच्या तीन जाती मिळाल्या. एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉएल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. यावर मोठमोठे मथळे सजवता आले असते. २००९च्या निवेदनात इस्रोनं स्पष्ट लिहिलं की यावरून हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं ठामपणे सिद्ध होत नाही. नारळीकरांना ते बाहेरून आलेले असते तर आवडलं असतं. ते आणि हॉएल त्याच बाजूनं विचार करत होते. आपल्या आवडीचं उत्तर समोर दिसत असतानाही पुराव्यापाशी थांबणं, हा त्या प्रयोगाचा सगळ्यांत मोठा निष्कर्ष आहे असं मी मानतो. २० मे २०२५ला ते गेले. हा वारसा त्यांनी मराठीत ठेवला आहे.

त्याच कसोटीवर पॅलोमारची काच घासून पाहिली पाहिजे. एडिनबराच्या नायजेल हॅम्बली आणि अॅड्रियन ब्लेअर यांनी २०२४मध्ये दाखवलं की ते नऊ ठिपके शेजारच्या ताऱ्यांपेक्षा अधिक टोकदार आणि गोल आहेत. म्हणजे ते रसायनाच्या थरातले दोष असावेत. शिवाय ज्या प्रतिमांवर हा अभ्यास झाला त्या मूळ काचेच्या नव्हेत, तिच्या नकलेच्या. व्हिलारोएल यांच्या बाजूचं म्हणणं असं की अर्ध्या सेकंदाची चमक वातावरणाच्या थरथरीत पसरायच्या आधीच संपते, म्हणून तीही टोकदारच दिसेल. दोन्ही म्हणणी नेटकी आहेत. २०२५मध्ये त्यांनी आणखी एक कसोटी लावली: पृथ्वीची सावली. चमक उन्हाची असेल तर पृथ्वीच्या सावलीत शिरलेल्या भागात ठिपके कमी असायला हवेत. काचेवरच्या डागाला सावली कुठे पडली आहे हे कळत नाही. त्यांच्या मोजणीत सावलीत ठिपके कमी भरले. या मोजणीवर इतरांनी आक्षेप घेतले आहेत आणि वाद चालू आहे.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात हे ठिपके अणुचाचण्यांच्या आसपासच्या दिवसांत अधिक आढळले. काहींना यात कुणाची तरी आपल्यावरची पाळत दिसते. मला मात्र इंडियानातला पुठ्ठा आठवतो. १९४५च्या शरदात कोडॅक कंपनीच्या एक्स-रे फिल्मवर अकारण डाग पडू लागले. ज्युलियन वेब या तिथल्या शास्त्रज्ञानं माग काढला तर दोष निघाला फिल्मच्या वेष्टणातल्या पुठ्ठ्यात. तो व्हिन्सेन्स गावच्या कागद गिरणीत बनला होता, आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जुलैमध्ये फुटलेल्या पहिल्या अणुबाँबची राख वाऱ्यापावसाबरोबर तिथल्या नदीच्या पाण्यात उतरली होती.  प्रकाश टिपण्यासाठी केलेल्या थराला प्रकाशाखेरीजही पुष्कळ काही टिपता येतं. म्हणून अणुचाचणी आणि ठिपके यांचा मेळ दिसला तर मी आधी राखेकडे बघेन. आणि राख नाही असं सिद्ध झालं, तर मात्र मान वर करून आभाळाकडे.

म्हणजे सगळा निवाडा येऊन ठेपतो तो जुन्या काचांवर. उपग्रहांच्या आधीचं आभाळ टिपलेलं असं जगात फार थोडं आहे. हार्वर्डकडे पाच लाखांहून अधिक काचा आहेत, पण १९५३च्या सुमारास तिथले संचालक डोनाल्ड मेंझेल यांनी खर्च वाचवण्यासाठी काचा घेणं थांबवलं आणि पुढची कित्येक वर्षं कोरी गेली. नेमकी तीच वर्षं आज हवी आहेत. आपल्याकडेही असं धन आहे. मराठवाडा ज्या राज्यात होता त्या निजामाच्या हैदराबादेतल्या निजामिया वेधशाळेनं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी आकाशाचा मोठा पट्टा काचांवर उतरवला. कोडाईकनालमध्ये १९०४पासून सूर्याची छायाचित्रं घेतली जात आहेत, आणि बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेनं ती संगणकात आणली आहेत. पुण्यात कावसजी नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभारलेली, तेव्हा देशातली सर्वांत मोठी वीस इंची दुर्बीण १९१२मध्ये त्याच कोडाईकनालला गेली. दुर्बिणी जातात, वेधशाळा बंद पडतात. त्या रात्रींची नोंद उरली तरच त्या रात्री उरतात.

लहानपणी गावी अंगणात बाज टाकून झोपायचो तेव्हा आजी तिकांडं दाखवायची, सप्तर्षींचं बाजलं आणि त्याच्या मागचे चोर दाखवायची. तेव्हाच्या आभाळात हलायचा तो एखादा तुटता तारा. आता सांज मावळल्यावर त्याच अंगणातून वर पाहिलं तर ताऱ्यांमधून सरकणारे ठिपके एकामागून एक जाताना दिसतात. आज दहा हजारांहून अधिक उपग्रह काम करत आहेत, तुटके तुकडे वेगळेच. माझी तक्रार उपग्रहांबद्दल नाही. शेतकऱ्याला पावसाचा अंदाज आणि मला घरचा फोन तेच पोचवतात. पण जे जे वर जातं त्याच्या कक्षेची नोंद खुली आणि पक्की असली पाहिजे. आपली पावलं ओळखता आली नाहीत तर त्यांच्या गर्दीत परकं पाऊल कसं ओळखणार? जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं १९ ऑक्टोबर २०१६ला मंगळावर उतरणाऱ्या स्कियापारेली यानाचा क्षीण रेडिओ आवाज पकडला. आपलं काय आणि कुठल्या लहरीवर बोलतं आहे हे आधी माहीत होतं, म्हणूनच इतक्या दुरून ते ओळखता आलं.

तेव्हा एक मागणं आहे. ज्या वेधशाळेच्या, महाविद्यालयाच्या, जुन्या शास्त्रज्ञाच्या घराच्या माळ्यावर आकाशाच्या काचा, छायाचित्रं, वेधांच्या वह्या असतील त्यांनी त्या रद्दीत काढू नयेत. त्यांच्या संगणकीय प्रती कराव्यात, सगळ्यांना खुल्या कराव्यात, आणि प्रत झाली म्हणून मूळ काच टाकू नये. पॅलोमारचा वाद मिटवायचा तर अखेर मूळ काचच सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागेल. वाचकांनाही सांगणं हेच, की परग्रहवासीयांची बातमी आली तर हसू नका आणि नाचूही नका. नोंद कुठे आहे, ती दुसऱ्या कुणी तपासली का, एवढं विचारा. पृथ्वीजवळ परक्या तंत्रज्ञानाचा सिद्ध झालेला पुरावा आजवर एकही मिळालेला नाही. आणि ४ ऑक्टोबर १९५७च्या आधीचं आकाश आता पुन्हा टिपता येणार नाही. जेवढं काचांवर उतरलं आहे तेवढंच आपल्याकडे आहे.